गुलाबी ओळी

बाबा,

काल दुपारी कुरिअरने एक खोका आला. चपलांचा खोका, त्यावर खाकी कागद, चिकटपट्टी चारही बाजूंनी मारलेली. आत निघालं ते सांगते. एक बिनवायरचा माइक, काळा, मुठीत धरून धरून मधला रंग उडालेला. त्यात घातलेले दोन पेन्सिल सेल, शिवाय दोन सुटे, पुठ्ठ्यावर किमतीची चिठ्ठी तशीच, चाळीस रुपये. माइक पुसायचं पिवळं फडकं, धुऊन, चौघडी करून ठेवलेलं. आणि वहीतून फाडलेल्या पानावर एका ओळीचा मजकूर. कुरिअरचे एकशे दहा पाठवणाऱ्यानेच भरले होते, म्हणजे मला काहीच पडलं नाही. फुकट आलेल्या वस्तूचा मला धसका आहे, तो तुमच्याकडूनच आला. शेजारणीने वाटीभर साखर आणून दिली तरी तुम्ही आईला विचारायचात, "ही कशापायी?" काल मीही खोका मांडीवर घेऊन तेच विचारत बसले. कारण मला माहीत होतं, म्हणून जास्तच.

तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा जमलेले सगळे म्हणाले, बुवांचं मागे काही राहिलं नाही. तुमचं राहिलं नसेल. माझं राहिलं होतं, पण पिंड माझ्यासाठी ठेवलेला नव्हता.

हा माइक कराओकेचा आहे. हा शब्द तुमच्या कानावरून गेला नसणार, म्हणून आधी तो समजावते. समजा, समोरच्या बुवांशी तुमची भजनाची डबलबारी लागली आहे. पेटी सुरात आहे, पखवाजाला कणीक लावून झाली आहे, टाळकरी मागे बसले आहेत, सगळं वाजायला लागलं, आणि मधली बुवांची जागा तेवढी रिकामी. तसं ते गाणं. वाद्यं सगळी यंत्रातून येतात, मूळ गायकाचा आवाज तेवढा काढून घेतलेला असतो. समोर टीव्हीवर शब्द उमटतात आणि म्हणायची वेळ येईल तसतशी अक्षरं रंगत जातात. पुरुषाची ओळ निळी, बाईची गुलाबी. ज्याला हौस असेल त्याने माइक हातात घ्यायचा आणि चार मिनिटं बुवा व्हायचं. तुम्ही नाक मुरडाल. "वही बघून गातो तो बुवा कसला?" हे तुमचंच वाक्य, आणि इथे तर हातभर रुंद वही समोर उजळलेली. पण त्या वहीचं मला फार वाटतं, बाबा. ती कुणाला विसरू देत नाही.

मला तिथे सुनेने नेलं. दादरला एका वाचनालयाच्या वर खोली आहे, तिथे दर बुधवारी तीन ते सहा मंडळी जमतात. एका गाण्याचे पन्नास रुपये. मी म्हटलं, पन्नास रुपयांत अर्धा किलो तूरडाळ यायची कधीकाळी, आणि इथे आपणच गायचं नि आपणच पैसे द्यायचे, हा कुठला धंदा? ती म्हणाली, "आई, मिक्सर सुरू असला की तुम्ही गाता. मिक्सर थांबला की तुम्ही थांबता. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. तुम्हाला वाटतं कुणाला कळत नाही." आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "तिला मिक्सरच घेऊन जायला सांग तिकडे." पण सुनेने पहिले तीन बुधवार भरून टाकले होते, आणि भरलेले पैसे मी वाया घालवत नाही, हे ती पक्कं ओळखून आहे.

तिथे येणारी माणसं कोण म्हणाल, तर आपल्यासारखीच. एक बँकेतून निवृत्त झालेले. एक बाई माटुंग्याला पोळीभाजीचं केंद्र चालवतात, हाताला पिठाचा वास घेऊनच येतात. कुणाच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचा मुलगा परदेशी. सुरात गाणारे त्यातले फार तर चार. मला आधी कळेना, की हे लोक दोन बस बदलून, पैसे मोजून, इतरांची बेसूर गाणी तीन तास ऐकून, आपल्या चार मिनिटांसाठी का थांबतात. मग हळूहळू कळलं. त्या चार मिनिटांत कुणी "अगं ऐकलंस का" म्हणत नाही. कुणी तुमच्या तोंडातलं वाक्य काढून घेत नाही. यंत्र वाजायला लागलं की ते तुमच्याचसाठी वाजत असतं, तुम्ही घसरलात तरी थांबून तोंडाकडे बघत नाही, आणि गाणं संपलं की सगळे टाळ्या वाजवतात, कारण प्रत्येकाला आपल्या पाळीच्या टाळ्या हव्या असतात. पोळीभाजीवाल्या बाई एकदा म्हणाल्या, "घरात माझा आवाज म्हणजे 'जेवायला या'. एवढंच. इथे मला कळतं की त्याला खालचा सूरपण आहे." मी बसमधून येताना तेच घोळवत आले. माझ्या आवाजाला काय काय आहे, हे मी साठीपर्यंत बघितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ती चूक तुमच्या घरातलीच पोर करू शकते. मी एक जुनं भक्तिगीत निवडलं, मनात देवाची माफी मागून, की पैसे देऊन तुझं नाव घेते आहे. वाद्यं सुरू झाली. पहिली ओळ पडद्यावर आली, रंगत गेली, रंगून संपली. मी उभीच. दुसरी ओळ रंगायला लागली तेव्हा मी पहिली म्हटली. तिसरी आली तेव्हा दुसरी. अख्खं कडवं मी एक ओळ मागे चालले होते आणि मला पत्ताही नाही. खोलीत हशा पिकला. चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मावशी, स्क्रीन बघा, स्क्रीन!" तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठून म्हणाले, "हसताय काय? या भजनातल्या आहेत. बुवा आधी ओळ म्हणेल, मग आपण उचलायची, म्हणून थांबल्यात." मग माझ्याकडे वळून, "ताई, इथे बुवा येत नाही. पुन्हा लावा हो, त्यांचे पैसे माझ्याकडून घ्या."

तेच भाऊ. मी त्यांना भाऊच म्हणायची. घोडपदेवचे, महापालिकेत नोकरी करून निवृत्त झालेले, केस सगळे पांढरे, शर्टाला नेहमी इस्त्री. नंतर चहाच्या वेळी मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते हसले. "मी पण मागचाच ना. आमच्या वस्तीत भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीला रात्र रात्र कार्यक्रम. मी कोरसला. पस्तीस वर्षं गायकाच्या मागे उभा राहून त्याची ओळ उचलली. मी पण इथे पहिल्या दिवशी थांबलो होतो, ताई. आमच्या घरातली म्हणाली, अहो, पुढे कुणी नाहीये, तुम्हीच आहात." तुमचा देव वेगळा, त्यांचं वंदन वेगळं, पण मागे उभं राहणं दोघांकडे एकच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

त्यांची 'घरातली' मी पाहिली नाही. मी जायला लागले त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. दोघं मिळून त्या खोलीत यायचे आणि शेवटचं गाणं त्यांचं ठरलेलं असायचं, एक जुनं हिंदी युगुलगीत. ती गेल्यावरही भाऊंनी ते सोडलं नाही. दर बुधवारी, सगळ्यांचं आटोपल्यावर, ते स्वतःचा माइक पिशवीतून काढायचे, पिवळ्या फडक्याने पुसायचे, आणि तेच गाणं लावायला सांगायचे. निळ्या ओळी म्हणायचे. गुलाबी ओळ आली की माइक छातीशी धरून नुसते बघत उभे राहायचे. वाद्यं वाजत राहायची, अक्षरं एकेक करून रंगत जायची, आवाज कुणाचाच नाही. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यासारखेच चुकले. शेजारच्या बाईने माझा हात दाबला. त्या खोलीत सगळ्यांना सगळ्यांचीच गाणी म्हणायची खाज, पण त्या गुलाबी ओळींना कधी कुणी तोंड लावलं नाही.

आता तुमच्या-माझ्यातलं. मी अकरा वर्षांची आहे. डिलाईल रोडला आपल्या चाळीच्या मधल्या अंगणात मांडव पडला आहे, एका बाजूला तुम्ही, समोर परळचे ते दुसरे बुवा, आणि गिरणीची पाळी सुटलेली माणसं गॅलऱ्यांतून खाली वाकून ऐकताहेत. मला मागे बसू दिलं आहे, टाळ धरून, कारण तुमची भजनाची वही सुट्टीभर बसून मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आहे. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे. वही घरी ट्रंकेत आहे, कारण वही बघून गातो तो बुवा कसला. तुम्ही रंगात आला आहात. आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तुम्ही थांबता. पखवाज एक आवर्तन फिरतो, दुसरं फिरतो. तुम्ही पेटीवर बोटं ठेवून वर बघता आहात, देवाच्या तसबिरीकडे, आणि मला तुमच्या मानेवरून कळतं की ओळ आलेली नाही. मला ओळ माहीत आहे. माझ्याच हाताने उतरवलेली, डाव्या पानावर, खालून दुसरी. मी ती म्हणते. एकटीने, मोठ्याने, जिथे तुम्ही सोडली तिथून. तुम्ही लगेच उचलता, भजन पार पडतं. पण गॅलरीतून कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून ओरडतो, "बुवानू, चेडवाक फुडे बसवा, तुमी टाळ धरा!" आणि सगळा मांडव हसतो. समोरचे बुवासुद्धा.

तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतंत तर विसरले असते. रात्री आई चुलीपाशी मंडळींच्या चहाची भांडी आवरत होती. तुम्ही टोपी खिळ्याला अडकवलीत, मोरीत पाय धुतलेत, आणि माझ्याकडे न बघता अगदी साध्या आवाजात म्हणालात, "चेडवा, तुझो आवाज सुरात लागणा नाय. फुडच्या खेपेक नुसता तोंड हलय." आई म्हणाली, "असू दे हो, पोर आहे." तुम्ही म्हणालात, "तिच्या बऱ्याकच सांगतंय." दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना तुम्ही मला शाईचं पेन आणलंत, वही उतरवल्याचं बक्षीस म्हणून. मी शाळेत मैत्रिणींना दाखवलं. पुढे मॅट्रिकचे पेपर मी त्याच पेनाने लिहिले.

आणि मी तोंड हलवलं, बाबा. आज्ञाधारक होते. तुमच्या मागे बसून हलवलं. शाळेच्या प्रार्थनेत हलवलं. लग्नानंतर सासरच्या गणपतीपुढे, आरतीला जमलेल्या पंधरा-वीस माणसांत, दर वर्षी तोंड हलवलं. कुणाला कळत नाही. टाळ्या जोरात वाजवायच्या आणि ओठ नीट उघडायचे, की बाकीच्यांचा आवाज आपल्यावर आपोआप पांघरला जातो. सोमवार मी सोडला नाही, पोथी सोडली नाही, पण देवापुढे माझा आवाज कधी गेलाच नाही. कधी कधी वाटायचं, त्याने हिशेब कसा ठेवला असेल? आरती पोहोचली म्हणून, की ही बाई नुसती येऊन उभी राहते म्हणून?

एकदाच मला सोबत मिळाली. तुमचा शेवटचा गणपती. गिरणी बंद होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण कापसाची तूस तुमच्या छातीत तशीच होती. चार पायऱ्या चढलात तरी धाप. आरती सुरू झाली, तुम्ही पुढे उभे, हातात टाळ, आणि सगळे म्हणत होते, बुवांचा आवाज काय लागलाय आजही. मी तुमच्या बाजूलाच होते. आवाज नव्हताच. तुम्ही नुसतं तोंड हलवत होता. एवढ्या माणसांत ते फक्त मला कळलं, कारण ते कसं दिसतं ते मलाच ठाऊक होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. माझेही ओठ हलत होते. मला तेव्हा तुम्हाला विचारायचं होतं. प्रसाद वाटायचा होता, पाहुणे होते, राहून गेलं. पुढच्या गणपतीला तुम्ही नव्हता.

भाऊंकडे येते. मला जायला लागून वर्ष होत आलं होतं. एकटीची गाणी मी म्हणायला लागले होते, हळू आवाजात, पण वेळेवर. भाऊ खूण करायचे, अंगठा वर. एका बुधवारी ते उशिरा आले. चहाच्या वेळी माझ्याजवळ बसले आणि बोलले तेव्हा आवाज भाकरी करपल्यासारखा. म्हणाले, "ताई, घशात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे आवाज जाणार. सगळाच." मी 'देव बघेल' असं काहीतरी म्हटलं. ते म्हणाले, "देव-बिव असू द्या, तुम्ही बघा. पुढच्या बुधवारी माझं शेवटचं गाणं. गुलाबी ओळी तुम्ही घ्या. दोन वर्षं त्या रिकाम्या जाताहेत. माझा आवाज आहे तोवर एकदा ते गाणं पुरं झालेलं मला ऐकायचंय." मी म्हटलं, "अहो, पोळीभाजीवाल्या बाईंचा आवाज केवढा गोड. त्यांना सांगा." तर म्हणाले, "त्या पुढच्या आहेत. आमची घरातली मागचीच होती, तुमच्यासारखी. आवाज बारीक, पण ओळ सोडायची नाही."

तो आठवडा मी मिक्सर इतका चालवला की सून म्हणाली, "आई, चटणी किती दिवस पुरवायचीय? खोबरं संपलं घरातलं!" हे म्हणाले, "आता बहुतेक मिक्सरच गाणार आहे बुधवारी." त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. गाणं मला पाठ झालं. सुनेने मोबाइलवर लावून दिलं, पदर कानावर घेऊन मी म्हणून पाहिलं, आणि ती दाराआडून म्हणाली, "लागतोय आई, लागतोय." तिचं मन चांगलं आहे, म्हणून तिच्या 'लागतोय'वर मी विसंबले नाही.

बुधवारी मी उपास केला. वार नसताना. खोली भरलेली होती, सगळ्यांना कळलं होतं. भाऊ पांढऱ्या शर्टात. माझ्या हातात खोलीतला माइक, त्यांच्या हातात त्यांचा. गाणं सुरू झालं. निळी ओळ त्यांनी म्हटली, फाटक्या आवाजात, पण एकही जागा न सोडता. मग ते थांबले आणि माझ्याकडे वळले. गुलाबी अक्षरं रंगायला लागली. मी तोंड उघडलं.

एकटीने गाताना माझ्या पुढे कुणी नसतं, बाबा. त्या दिवशी माझ्या पुढे एक माणूस गाता गाता थांबला होता, आणि सगळी खोली वाट बघत होती की त्याची सोडलेली ओळ मी उचलेन. मला टीव्ही दिसेना. मला तुमची मान दिसली. ओठ आपोआप हलायला लागले, नीट, शब्दासाठी शब्द, आणि आवाज नाही. अक्षरं रंगून संपली. चालवणाऱ्या ताई धावत आल्या, माझ्या माइकवर बोट वाजवलं, टक टक. कुणी म्हणालं आवाज वाढवा. भाऊंनी स्वतःचा माइक माझ्या हातात दिला. दुसरी गुलाबी ओळ आली. मी पुन्हा तोंड हलवलं. ते अगदी समोर होते, हातभर अंतरावर. पस्तीस वर्षं कोरसला उभा राहिलेला माणूस, त्याला नुसतं हलणारं तोंड ओळखू येणार नाही का? त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांत बघितलं. मग सगळ्यांकडे वळून हसत म्हणाले, "अरे, याचे पण सेल गेलेत वाटतं! माझीच चूक, नवीन घालायला हवे होते." सगळे हळहळले. पुढच्या निळ्या ओळी त्यांनी माइकशिवाय म्हटल्या. त्या ऐकू आल्या नाहीत फारशा. शेवटची गुलाबी ओळ नेहमीसारखी रिकामी गेली.

खाली उतरताना जिन्यात त्यांनी माझी पिशवी धरली. एवढंच म्हणाले, "असू द्या ताई. जय भीम." मी नमस्कार केला.

ऑपरेशन झालं. मंडळातले सगळे पाळीपाळीने भेटून आले. त्यांच्या गळ्याला भोक आहे, वहीवर लिहून बोलतात, विनोदसुद्धा लिहून करतात, असं मला बसमध्ये सांगायचे. मी गेले नाही. एका आठवड्याला एकादशी होती, एका आठवड्याला माझा गुडघा, मग सुनेची आई आली. बुधवारी जाणंही सुटलं. गुडघाच पुढे केला. पाच महिन्यांनी चालवणाऱ्या ताईंचा फोन आला की भाऊ गेले. मी पंख्याखाली बसून तांदूळ निवडत होते. निवडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून निवडले.

आणि काल हा खोका. भाऊंच्या मुलाने पाठवला आहे, पण चिठ्ठी खुद्द भाऊंच्या हातची, आवाज गेल्यावर ज्या वहीत लिहून बोलायचे त्याच वहीचं पान. 'ताई, सेल नवीन घातले आहेत.' बस, एवढंच. खाली सही नाही. टोमणा म्हणावा तर तो त्यांचा स्वभाव नव्हता. आज सकाळी देवपूजा झाल्यावर, हे खाली पेपर आणायला गेले आणि सून कामावर, तेव्हा मी माइक हातात घेतला. बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला. घरात मिक्सर बंद, पंखा बंद. मी बराच वेळ तो तोंडासमोर धरून उभी राहिले. मग बटण मागे सरकवलं आणि सेल काढून डब्यात ठेवले, उगाच जळू नयेत म्हणून.

हे पत्र टाकायचं कुठे? आपली चाळ पाडून तिथे काचेची इमारत आली. त्या पत्त्यावर आता कुणाचं तरी ऑफिस आहे. तुमची भजनाची वही माझ्यापाशी आहे, ट्रंकेत पोथ्यांखाली. पत्र तिच्यात ठेवते, त्या डाव्या पानाशी. तिथे कुणी उघडणार नाही, म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते लिहून टाकते. त्या दिवशी सेल गेले नव्हते. खोलीतल्या माइकचेही नाही, त्यांच्याही माइकचे नाही. हिरवा दिवा माझ्या अंगठ्यापाशी लागलेला होता, आणि मला तो सगळा वेळ दिसत होता.

तेव्हा तुम्ही मला उलट टपाली एवढंच कळवा. त्या रात्री माझा सूर खरंच चुकला होता, की मी तुमच्या पुढे गेले होते? दोन शब्द पुरेत, आपल्या मालवणीत लिहिलेत तरी चालतील. चुकला होता असं आलं, तर भाऊंचं माझ्याकडून काही बुडालं नाही असं समजून मला झोप लागेल. चुकला नव्हता असं असेल, तर तेही कळवा. पण लवकर कळवा, बाबा. सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात.